मुदत संपली की रेंज जाते: दूरसंचार कंपनीतील डिजिटल प्रमाणपत्रांचा कारभार

निपाणीहून कागलकडे जाताना कोगनोळीच्या टोलनाक्याच्या आसपास, किंवा बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीकडे जाताना, आपला मोबाईल कर्नाटक परिमंडळातून महाराष्ट्र परिमंडळात केव्हा गेला हे सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले तरी परिमंडळ महाराष्ट्राचेच असते, कारण दूरसंचाराच्या विभागणीत गोवा महाराष्ट्राबरोबर धरला जातो. रेंज गेली की मात्र आपण नेहमीची तीन कारणे धरून चालतो: वीज गेली असेल, रस्त्याच्या कामात केबल तुटली असेल, किंवा टॉवरवर बिघाड झाला असेल. या तिन्हींत न बसणारे चौथे एक कारण असते. टॉवर उभा आहे, वीज सुरू आहे, केबल शाबूत आहे आणि तरीही सेवा बंद आहे, कारण कुठल्यातरी सर्व्हरमधील एका लहानशा फाइलवर लिहिलेली तारीख उलटून गेली आहे. ती फाइल म्हणजे डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्र.

हे किती दूरवर जाऊ शकते याचे ठळक उदाहरण ६ डिसेंबर २०१८ चे आहे. त्या दिवशी ब्रिटनमधील ओ-टू आणि जपानमधील सॉफ्टबँक या दोन मोठ्या कंपन्यांच्या सेवा कोलमडल्या. दोघींनीही एरिक्सन कंपनीची यंत्रणा वापरली होती. मोबाईलवरील डेटा-जोडण्या सांभाळणाऱ्या त्या यंत्रणेच्या सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्त्यांमध्ये एक प्रमाणपत्र होते आणि त्याची मुदत संपली होती. ब्रिटनमध्ये तीन कोटींहून अधिक ग्राहकांना याचा फटका बसला. ओ-टूच्या डेटावर चालणारे लंडनच्या बसथांब्यांवरील वेळापत्रकाचे फलकही बंद पडले. जपानमध्ये सेवा चार तासांहून अधिक काळ विस्कळीत होती. कोणी हल्ला केला नव्हता, काही चोरीला गेले नव्हते. आणखी महत्त्वाचे म्हणजे ते प्रमाणपत्र ओ-टूने स्वतः बसवलेले नव्हते; ते पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरच्या पोटात होते. तेव्हा ग्राहकाला उत्तर देणारी कंपनी एक आणि तारखेची माहिती असायला हवी होती ती कंपनी दुसरी, अशी ही गुंतागुंत आहे.

प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय, हे नाडकचेरीतून (कर्नाटकातील तालुक्याखालच्या महसूल कार्यालयातून) मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून चांगले समजते. खानापूरचा एखादा विद्यार्थी बेळगावच्या महाविद्यालयात तो दाखला देतो, तेव्हा तिथल्या कारकुनाला त्या कुटुंबाची काहीही माहिती नसते. तो तहसीलदारांच्या सहीवर विश्वास ठेवतो, नाव जुळते का ते पाहतो, मुदत शिल्लक आहे का ते पाहतो, आणि शंका आलीच तर दाखल्यावरील क्रमांक ऑनलाइन तपासतो. दोन यंत्रे एकमेकांशी बोलू लागतात तेव्हा नेमक्या याच चार गोष्टी तपासल्या जातात: प्रमाणपत्रावरील नाव, मुदत, ते देणाऱ्या प्राधिकरणाची सही, आणि मधल्या काळात ते रद्द तर झालेले नाही ना. फरक एवढाच की कारकून कधीकधी “राहू दे, उद्या नवा आणून दे” असे म्हणतो. यंत्राला अशी भीड नसते. रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटे एकोणसाठ सेकंदांनी मुदत संपत असेल तर त्याच्या पुढच्या सेकंदाला ते जोडणी नाकारते.

याखेरीज कागदी दाखल्यात नसलेली एक गोष्ट प्रमाणपत्रात असते. त्यात धारकाची सार्वजनिक किल्ली (किल्ली म्हणजे येथे एक लांबलचक संख्या) लिहिलेली असते आणि तिच्या जोडीची खासगी किल्ली धारकाच्या यंत्रातच राहते. प्रमाणपत्र उघड असते. ते कोणीही पाहू शकतो, त्याची प्रत काढू शकतो. पण जोडणीच्या वेळी समोरचे यंत्र जी सही मागते ती खासगी किल्लीशिवाय करता येत नाही, म्हणून नुसती प्रत मिळवून तोतयाला काही साधत नाही. या फाइलची रचना एक्स.५०९ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरते, जे १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. आपल्या मोबाईल कंपनीचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडून पत्त्याच्या पट्टीतील कुलपाच्या किंवा माहितीच्या चिन्हावर बोट ठेवले आणि प्रमाणपत्राचा तपशील उघडला, तर कोणाला दिले, कोणी दिले, केव्हापासून केव्हापर्यंत, हे सारे तिथेच वाचायला मिळते. एकदा करून पाहावे. अर्धा विषय तिथेच कळतो.

येथे दोन गैरसमज दूर केलेले बरे. जीएसटीचे विवरण किंवा ई-टेंडर भरताना करसल्लागाराकडे जो यूएसबी टोकन असतो, त्यातील डिजिटल सहीचे प्रमाणपत्र याच कुळातले असले तरी ते व्यक्तीचे असते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार नेमलेल्या नियंत्रकाने परवाना दिलेल्या संस्था ते देतात. या लेखाचा विषय यंत्रांची प्रमाणपत्रे हा आहे. दुसरे असे की मोबाईलमधील नेहमीच्या सिमकार्डाची ओळख प्रमाणपत्राने पटत नाही. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, तिचीच प्रत कंपनीकडे असते, आणि दोन्ही बाजू त्या समान किल्लीच्या आधारे एकमेकांना ओळखतात. म्हणून प्रमाणपत्राची मुदत संपली तरी आपले सिम “बाद” होत नाही. सिम आणि कंपनीचा गाभा, म्हणजे तिच्या जाळ्याची केंद्रीय यंत्रणा, यांच्या मधला रस्ता बंद होतो. ई-सिमची गोष्ट थोडी निराळी आहे: त्यात प्रोफाइल उतरवून घेताना फोनमधील चिप आणि कंपनीचा सर्व्हर एकमेकांची प्रमाणपत्रे तपासतात.

मग दूरसंचार कंपनीत ही प्रमाणपत्रे असतात तरी कुठे? रिचार्जच्या संकेतस्थळावर आणि ॲपमागच्या सर्व्हरवर तर असतातच, पण ती सर्वांना दिसणारी आणि म्हणून सांभाळायला सोपी. ५जीच्या गाभ्यातील निरनिराळे घटक एकमेकांशी वेबच्याच पद्धतीने बोलतात आणि तिथे दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र दाखवायचे असते. बिलिंगच्या यंत्रणा, बँकांशी होणारी देवाणघेवाण, घरोघरी बसवलेल्या राउटरचे दूरस्थ नियंत्रण, कर्मचाऱ्यांचे व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात येण्याचा संरक्षित मार्ग), आणि सर्वांत विखुरलेली म्हणजे टॉवरवरील बेस स्टेशने, म्हणजे आपल्या फोनशी रेडिओलहरींनी बोलणारी यंत्रे, या सर्व ठिकाणी ती असतात.

बेस स्टेशनचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. टॉवरपासून कंपनीच्या गाभ्यापर्यंतचा रस्ता बऱ्याचदा भाड्याच्या केबलवरून किंवा मायक्रोवेव्ह दुव्यावरून जातो, म्हणून त्यावर आयपीसेक या पद्धतीचा संरक्षित बोगदा उभारला जातो, आणि बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी प्रमाणपत्रे तपासली जातात. मोबाईलची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने त्यासाठी एक चांगली रीत आखून दिली आहे. यंत्र बनवणारा कारखाना प्रत्येक बेस स्टेशनमध्ये आपले एक प्रमाणपत्र घालून देतो. टॉवरवर यंत्र बसवून चालू केले की ते कंपनीच्या प्रमाणपत्र-सर्व्हरला गाठते, कारखान्याचे प्रमाणपत्र दाखवून आपण अस्सल असल्याचे सिद्ध करते आणि कंपनीचे नवे प्रमाणपत्र घेते. पुढचा बोगदा त्या नव्या प्रमाणपत्रावर उभा राहतो. टॉवरवर चढलेल्या तंत्रज्ञाला कुठलीही किल्ली टंकावी लागत नाही, आणि तेच योग्य आहे, कारण माणसाच्या हातातून गेलेली किल्ली गुप्त राहील याची खात्री देता येत नाही.

आता हेच यंत्र कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला आहे असे समजू. तिकडचा पाऊस खानापूर तालुक्याबाहेरच्यांना सांगून पटत नाही. झाड पडून वीजवाहिनी तुटली, बॅटरी उतरली, जनरेटरचे डिझेल संपले आणि रस्ता खुला होईपर्यंत यंत्र बंदच राहिले. त्याच दिवसांत त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, तर वीज आल्यावर ते बोगदा उघडायला जाते आणि बोगद्याच्या गाभ्याकडील तोंडाशी असलेला सुरक्षा-गेटवे त्याला दारातच थांबवतो. नवे प्रमाणपत्र घ्यायचे तर जुने वैध हवे, अशी मांडणी असेल तर यंत्र स्वतःहून यातून बाहेर पडू शकत नाही. कोणीतरी लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष तिथे जावे लागते. कारखान्याच्या प्रमाणपत्रावर पुन्हा नोंदणी करण्याची वाट मोकळी ठेवली असेल तर हाच प्रश्न काही मिनिटांत सुटतो.

दुसरी अडचण घड्याळाची. यंत्रातील घड्याळाची छोटी बॅटरी निकामी झालेली असेल तर सुरू होताना ते कित्येक वर्षे मागची तारीख दाखवते आणि मग समोरचे अगदी नवे प्रमाणपत्रही त्याला “अजून सुरू न झालेले” वाटते. बरोबर वेळ उपग्रहाकडून मिळत असेल तर ठीक. पण ती बोगद्यातूनच येत असेल, तर वेळेशिवाय बोगदा नाही आणि बोगद्याशिवाय वेळ नाही, असे होऊन बसते. अशा बिघाडाची नोंद तक्रारपुस्तकात “साइट डाऊन” एवढीच होते आणि पहिला दिवस केबल तपासण्यात जातो.

मुदत हा व्यवस्थापनाचा मोठा भाग असला तरी सर्व काही तिथे संपत नाही. सही करणाऱ्यावरच विश्वास उरला नाही तर काय, हाही प्रश्न आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आले की आपल्या काही संकेतस्थळांच्या पत्त्यांसाठी भारतातील राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून परवानगीशिवाय प्रमाणपत्रे निघाली आहेत. भारतीय नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राला विंडोजमध्ये मान्यता होती, त्यामुळे ती बनावट ओळखपत्रे जगभरच्या विंडोज संगणकांवर खरी ठरू शकत होती. नियंत्रकाने संबंधित प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. त्याआधी २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार ही संस्था अशाच प्रकारात, तेही घुसखोरीमुळे, सापडली आणि काही आठवड्यांत दिवाळखोर झाली. अशा घटनांनंतर सार्वजनिक प्रमाणपत्रांची, म्हणजे सर्वांचे ब्राउझर ज्यांवर विश्वास ठेवतात अशा प्रमाणपत्रांची, उघड नोंदपुस्तके ठेवण्याची पद्धत रुळली, आणि २०१८ पासून क्रोम ब्राउझर नव्या प्रमाणपत्रांसाठी ती नोंद मागू लागला. दूरसंचार कंपनीला याचा आयता फायदा आहे: आपल्या नावावर कोणी, केव्हा, कुठे प्रमाणपत्र काढले हे त्या नोंदपुस्तकांवर रोज नजर ठेवून कळते. कंपनीच्याच एखाद्या विभागाने जाहिरातीच्या मोहिमेसाठी परस्पर काढलेली प्रमाणपत्रेही तिथे सापडतात.

मुदत संपल्यावर सगळीकडे आरडाओरडा होतो असेही नाही, आणि माझ्या मते धोका तिथेच अधिक आहे. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. तिथे जाळ्यातील रहदारी उघडून तपासणारे एक उपकरण होते. पण त्यावरील प्रमाणपत्राची मुदत १९ महिन्यांपूर्वीच संपली होती, त्यामुळे ते उपकरण आंधळे झाले होते आणि रहदारी न तपासताच पुढे जात होती. नवे प्रमाणपत्र बसवताच संशयास्पद हालचाल दिसू लागली. सेवा बंद पडली असती तर पहिल्याच दिवशी कोणीतरी फोन केला असता. पहारेकरी झोपला तर तक्रार करायला कोणी येत नाही.

तेव्हा या कामाची सुरुवात यादीपासून होते, आणि बहुतेक कंपन्यांचे घोडे इथेच अडते. आपल्याकडे किती प्रमाणपत्रे आहेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही एका विभागाकडे नसते. संकेतस्थळाचे लोक वेगळे, गाभ्याचे वेगळे, रेडिओचे वेगळे; टॉवर एकाचा, त्यावरचे यंत्र दुसऱ्याचे, देखभालीचा माणूस तिसऱ्या कंत्राटदाराचा. विचारून यादी पुरी होत नाही, म्हणून जाळ्यावरील प्रत्येक पत्त्यावर सॉफ्टवेअरने दार ठोठावून कोण कोणते प्रमाणपत्र दाखवते ते टिपावे लागते. पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये आत दडलेली प्रमाणपत्रे यातूनही सुटतात. त्यांची यादी तारखांसह देण्याची अट खरेदीच्या करारातच घालायला हवी. २०१८ च्या घटनेनंतरही ही अट सर्वत्र दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते.

यादीतील प्रत्येक नोंदीत नाव आणि तारीख असणे पुरेसे नाही. खासगी किल्ली कुठे आहे, कोणत्या सेवा या प्रमाणपत्रावर टेकलेल्या आहेत, बदलल्यावर सेवा पुन्हा सुरू करावी लागते का, आणि जबाबदार कोण, हेही हवे. जबाबदार म्हणून व्यक्तीचे नाव लिहिण्याची सवय घातक आहे. त्या व्यक्तीची बदली हुबळीला किंवा बंगळूरला होते, कधी ती नोकरीच सोडते, आणि मुदतीची सूचना देणारा ई-मेल कोणी न उघडणाऱ्या खात्यात पडून राहतो. नोंद पदाच्या किंवा पथकाच्या नावावर असावी, आणि सूचनेला ठरावीक दिवसांत कोणी उत्तर दिले नाही तर ती आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावी.

नवे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम झाले असेही नाही. पुष्कळ सर्व्हर सुरू होताना एकदाच प्रमाणपत्र वाचतात आणि नंतर स्मृतीतले जुनेच दाखवत राहतात; फाइल नवी, दाखवणे जुने. समजा रिचार्जच्या सेवेमागे चार सर्व्हर आहेत, त्यांपैकी तिघांवर बदल झाला आणि चौथा राहून गेला. मग बेळगावच्या खडेबाजारातील दुकानदाराला एक रिचार्ज चालतो, दुसरा चालतो, तिसऱ्याला इशारा येतो आणि पुन्हा प्रयत्न केला की चालतो. तो कस्टमर केअरला सांगतो, “कधी चालतंय, कधी नाही”, आणि पलीकडून त्याला फोन बंद करून सुरू करायला सांगितले जाते. म्हणून बदलानंतर बाहेरून, ग्राहकाच्या बाजूने, प्रत्येक सर्व्हरवर वेगवेगळे जाऊन तपासणी करणे हा कामाचाच भाग धरला पाहिजे.

हे सारे हाताने करण्याचे दिवस आता संपत आले आहेत. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०१८ मध्ये ८२५ दिवसांवर आणि सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांवर आली होती. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या सामायिक मंचाने पुढचा क्रम ठरवला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस. मुदत कमी करण्यामागचे कारण असे की किल्ली चोरीला गेल्यावर प्रमाणपत्र रद्द करण्याची व्यवस्था कागदावर असली तरी प्रत्यक्षात ती तपासण्यात ब्राउझर कुचराई करतात. अल्पायुषी प्रमाणपत्र मात्र आपोआपच निरुपयोगी होते. याचा हिशेब करून पाहावा. एखाद्या कंपनीकडे अशी ५,००० प्रमाणपत्रे असतील तर वर्षाच्या मुदतीत रोज सरासरी १४ बदलावी लागतात. ४७ दिवसांच्या मुदतीत रोज शंभरावर. एक्सेलच्या तक्त्यावर आणि कोणाच्या तरी स्मरणशक्तीवर हे चालणार नाही. त्यासाठी एक्मे नावाची खुली पद्धत २०१९ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली आहे: सर्व्हर स्वतःच पत्त्यावरील आपला हक्क सिद्ध करतो, प्रमाणपत्र मागवतो, बसवतो, आणि एक-तृतीयांश मुदत शिल्लक असतानाच पुन्हा मागवतो. एवढी मुदत हाताशी ठेवली की एक-दोन प्रयत्न फसले तरी सेवेला धक्का लागत नाही.

कंपनीच्या आतल्या यंत्रांना हा नियम लागू नाही, कारण तिथे कंपनी स्वतःचेच प्राधिकरण चालवते आणि मुदत स्वतः ठरवते. येथेच दहा-दहा वर्षांची प्रमाणपत्रे देण्याचा मोह होतो. “एकदाच द्या आणि विसरा” यातले विसरणे तेवढे नक्की घडते: दहा वर्षांनी ते यंत्र बसवणारा माणूस नसतो, पुरवठादार बदललेला असतो आणि नोंदवही कुठल्या तरी जुन्या संगणकात राहिलेली असते. लहान मुदत आणि आपोआप नूतनीकरण ही जोडी त्यापेक्षा सुरक्षित आहे, कारण जी गोष्ट दर महिन्याला घडते तिच्यातला बिघाड महिन्यातच कळतो. या आतल्या प्राधिकरणाची मूळ खासगी किल्ली मात्र दीर्घकाळ टिकवायची असते. ती जाळ्यापासून तोडलेल्या विशेष उपकरणात ठेवतात, ज्यातून ती बाहेर काढताच येत नाही, आणि ते उपकरण उघडायला एकाच वेळी अनेक अधिकाऱ्यांची कार्डे लागतात. लेखी क्रमानुसार, साक्षीदारांसमोर आणि कॅमेऱ्याखाली चालणारा हा विधी पाहणाऱ्याला अतिरेकी वाटेल. पण ती एक किल्ली गेली तर हजारो बेस स्टेशनांची ओळख एका दिवसात संशयास्पद ठरते.

ग्राहकाच्या वाट्याला यातले फारच थोडे येते, पण जे येते ते नीट हाताळता आले पाहिजे. कंपनीच्या संकेतस्थळावर “ही जोडणी खासगी नाही” अशा अर्थाचा इशारा दिसला तर आधी आपल्या फोनची तारीख आणि वेळ पाहावी. ती चुकलेली असेल तर दोष आपल्या फोनचा असतो आणि तो लगेच सुधारता येतो. तारीख बरोबर असेल तर “तरीही पुढे जा” हा पर्याय निवडून कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआय पिन टाकू नये. मुदत संपलेले खरे संकेतस्थळ आणि तोतयाचे संकेतस्थळ यांतला फरक त्या क्षणी आपल्याला घरबसल्या ओळखता येत नाही. इशाऱ्याचा स्क्रीनशॉट काढून, नेमकी वेळ आणि पडद्यावरील “डेट इनव्हॅलिड” किंवा तत्सम शब्द यांसह तो कंपनीकडे पाठवावा. एवढ्या माहितीवर पलीकडचा अभियंता चौथा सर्व्हर कोणता ते शोधून काढू शकतो.